आधी गॅस, मग सुतारकाम

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या या भाड्याच्या घरात आम्ही २०२३च्या नोव्हेंबरात राहायला आलो. लाल विटांच्या घरांची लांबलचक रांग, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे हातभर अंगण. दिवाणखान्यात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीचा मधला भाग पुढे आलेला दिसतो. त्याच्या आतून धुराडं वर जातं. जिथे एके काळी कोळसा जळायचा, तिथे आता गॅस फायर, म्हणजे खोली गरम करणारी गॅसची शेकोटी, बसवलेला होता. तपकिरी पत्र्याचा खोका, त्याला लाकडासारखी दिसणारी पट्टी, पुढे तारेची जाळी आणि जाळीमागे सिरॅमिकच्या चार पांढऱ्या उभ्या पट्ट्या. बटण वर उजव्या कोपऱ्यात. दाबून फिरवलं की टक्‌ असा आवाज यायचा, निळी ज्योत धरायची आणि पाचेक मिनिटांत त्या पांढऱ्या पट्ट्या लालभडक व्हायच्या.

आम्हाला तो नकोच होता. घरात पाणी तापवणारा बॉयलर आहे, प्रत्येक खोलीत त्या पाण्यावर तापणारा रेडिएटर आहे. आणि आमची लेक तेव्हा अकरा महिन्यांची. धरून उभी राहायला लागली होती आणि धरायला तिला त्या फायरची कडाच आवडायची, कारण ती तिच्या छातीइतक्या उंचीवर होती. ती कडा धरून उभी राहिली की डोक्याच्या जरा वर ते बटण.

पहिल्याच आठवड्यात मी त्याच्यासमोर पडदा लावला. ट्रंकेतून आणलेली आईची इरकल साडी दुमडून दोन भिंतींमध्ये ताणून बसणाऱ्या दांडीवर टाकली. खोली एकदम घरासारखी दिसायला लागली. आम्ही फायर पेटवतच नव्हतो, त्यामुळे यात काही धोका असेल असं माझ्या मनातही आलं नाही. पण त्याच्या नळीत गॅस होता आणि पडद्याआडचं बटण तिच्या हाताला अजूनही लागत होतं.

हे लक्षात आणून दिलं ते हेल्थ व्हिजिटरने. इथे सरकारी आरोग्यसेवेतल्या या परिचारिका लहान मूल असलेल्या घरी येतात, मुलाची वाढ बघतात, घरात त्याला कशापासून इजा होईल हेही विचारतात. लेकीच्या वर्षाच्या तपासणीला त्या आल्या. वजन, उंची, दात सगळं झालं. निघताना त्यांनी साडीकडे बघून विचारलं, "मागे काय आहे?" मी सांगितलं. "गॅस तोडलेला आहे का?" मी म्हटलं, आम्ही वापरत नाही. त्यांनी मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा हळू आवाजात विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गेल्यावर मी पहिल्यांदा साडी काढून घडी केली.

त्या रात्री सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि घरातलं निम्मं फर्निचर त्यांच्या हातचं आहे. मला त्यांच्याकडून लाकडी झाकण कसं करायचं ते विचारायचं होतं. त्यांनी लाकडाचं नावच काढलं नाही. "त्याच्या मागं काय हाय, ते बघितलंस का?" म्हणाले. "आणि वारा कुठनं जातो? गीझरचं माहीत हाय न्हवं?" गॅस गीझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात वाचायला मिळतात. आमच्या गल्लीत एका घरात तसं होता होता राहिलं होतं, तेव्हापासून बाबा या बाबतीत फार कडक आहेत. "आधी गॅस बंद कर, मग सुतारकाम. तोवर काय बी झाकू नगंस."

मग मी वाचायला बसले. यात जे कळलं ते सविस्तर सांगते, कारण भाड्याच्या घरात असा फायर असलेली आपली कितीतरी कुटुंबं इथे आहेत आणि बहुतेकांच्या लेखी ती फक्त न आवडणारी जुनी वस्तू असते.

हा फायर खोलीतली हवा घेऊन जळतो आणि जळलेला वायू मागच्या धुराड्यातून वर सोडतो. धुराड्याला ओढ नसेल, ते पक्ष्यांच्या काड्यांनी किंवा पडलेल्या चुन्याने बुजलं असेल, किंवा फायरला पुरेशी हवा मिळत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीतच पसरतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की सर्दी-तापच आहे. म्हणून चालू जोडणीचा फायर पुढून फळीने झाकणं, आत कापड कोंबणं किंवा धुराड्यात हवा अडवणारा फुगा बसवणं यातलं काहीही करायचं नसतं. आज तुम्ही पेटवत नसाल, पण उद्या पाहुणा पेटवेल, किंवा तुमच्यानंतरचा भाडेकरू पेटवेल.

दुसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथल्या असंख्य घरांत फायरच्या मागे धुराड्याच्या पोकळीत बॉयलर बसवलेला असायचा. समोरून दिसतो फक्त फायर, पण घरातलं गरम पाणी आणि रेडिएटर त्या मागच्या बॉयलरवर चालतात. अजूनही काही घरांत तो आहे. कुणी 'फायर वापरत नाही' म्हणून पुढून पॅक केलं तर रोज चालणाऱ्या बॉयलरचीच हवा कोंडायची. आमच्या स्वयंपाकघरात नवा बॉयलर होता, त्यामुळे मागे काही नसावं असा अंदाज होता. पण अंदाजावर हे सोडायचं नाही, एवढं मी ठरवलं.

घर भाड्याने घेताना एजन्सीने दिलेले कागद तोवर मी नीट वाचलेच नव्हते. ते काढले. १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे घरमालकाला दरवर्षी नोंदणीकृत इंजिनीअरकडून गॅसची तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचा कागद भाडेकरू राहायला येण्याआधी त्याच्या हातात द्यावा लागतो. या कागदाला इथले जुने लोक अजून 'सीपी ट्वेल्व्ह' म्हणतात. आमच्या कागदावर बॉयलर, शेगडी आणि 'दिवाणखाना, गॅस फायर' अशा तीन नोंदी होत्या. तिन्ही सुरक्षित. म्हणजे फायर चालू होता, जोडलेला होता. आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. गॅसची शेगडी सोडली, तर असं पेटणारं कायमचं उपकरण असलेल्या राहत्या खोलीत तो लावणं १ ऑक्टोबर २०२२पासून इंग्लंडमधल्या घरमालकांना बंधनकारक आहे.

मी एजन्सीला मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं: फायर चालू स्थितीत आहे, तो घराचा भाग आहे, नको असल्यास वापरू नये. अलार्मबद्दल एक अक्षर नाही. मला फार राग आला. घरात जेमतेम वर्षाचं मूल आहे हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. नवरा म्हणाला, रागाने लिहू नकोस, एकेक मुद्दा मांड. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या मेलमध्ये मी फक्त तीन गोष्टी लिहिल्या. अलार्म ताबडतोब लावा. फायरचा गॅस नोंदणीकृत इंजिनीअरकडून तोडून नळीला टोपी बसवून द्या. आणि त्यानंतर भिंतीला एकही खिळा न मारता, कधीही काढता येईल असं लाकडी झाकण आम्ही आमच्या खर्चाने ठेवू, याला लेखी परवानगी द्या. सोबत फायरची कडा धरून उभ्या असलेल्या लेकीचा फोटो जोडला.

अलार्म चार दिवसांत आला. बाकीच्याला तीन आठवडे लागले. मालकाने शेवटी होकार दिला, अट एकच: फायर जागेवरून हलवायचा नाही, पुढे कुणाला हवा असेल तर पुन्हा जोडता आला पाहिजे. इंजिनीअरचा खर्चही त्याने केला. हे सगळं मेलवरच ठेवलं, फोनवर नाही. आमची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी आहे. घर सोडताना कुणी 'हे कुणाला विचारून केलं' म्हणालं, तर दाखवायला कागद हवा.

हे काम आपण स्वतः करायचं नसतं, हेही इथे ठासून सांगते. नळीचा कॉक स्क्रूड्रायव्हरने फिरतो आणि तो फिरवणं दिसायला अगदी सोपं आहे. पण गॅसच्या कामाला नोंदणीकृत माणूसच लागतो, तसा कायदा आहे. गॅस सेफ रजिस्टर ही इथली नोंदणी. २००९च्या एप्रिलपासून आधीच्या कॉर्गीच्या जागी ती आली. इंजिनीअरकडे ओळखपत्र असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला तो कोणकोणतं काम करू शकतो ते छापलेलं असतं. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी मी मागायच्या आत कार्ड पुढे केलं आणि उलटून दाखवलं.

साठीच्या आसपासचे, मितभाषी. गालिच्यावर मोठी चादर अंथरली, गुडघ्याखाली स्पंजची गादी घेतली. आधी घराचा गॅस मीटरपाशी बंद केला. मग फायरची नळी सोडवून तो दोन्ही हातांनी अलगद पुढे ओढला. मागे ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटपट्टीने भिंतीला लावलेला होता आणि खालच्या बाजूला एक चौकोनी भोक. ती पट्टी त्यांनी सोलली, पत्रा बाजूला केला, आणि खोलीत थंड, जुना, काजळीचा वास आला. मला एकदम आजीच्या न्हाणीघरातला बंब आठवला. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली. आत काळ्या विटा, तळाशी ओंजळभर चुन्याचा चुरा, काड्या आणि एक राखाडी पीस. बॉयलर नव्हता. पण कोपऱ्यात तोंडं दाबून बंद केलेल्या तांब्याच्या दोन नळ्या होत्या, कधीकाळी तिथे बॉयलर असल्याची खूण.

चुरा भरून काढताना ते बोलायला लागले. त्यांचे वडीलही गॅसच्याच कामात. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर धुक्यात मिसळलेल्या कोळशाच्या धुराने पाच दिवस मुक्काम ठोकला, हजारो माणसं गेली, आणि त्यातून १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला. शहरांत धूर न करण्याची क्षेत्रं ठरली आणि लोकांनी कोळशाच्या जागी गॅसचे, विजेचे फायर बसवायला सुरुवात केली. तेव्हाचा गॅस कोळशापासून काढलेला असायचा आणि त्यातच कार्बन मोनॉक्साइड होता. नुसती गळतीसुद्धा जीवघेणी. मग समुद्रातला नैसर्गिक वायू मिळाला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरी जाऊन एकेक शेगडी, एकेक फायर नव्या गॅससाठी बदलून दिला गेला. त्यांचे वडील त्या मोहिमेत होते. हे ऐकताना त्या तपकिरी खोक्याकडे बघण्याची माझी नजर थोडी बदलली. कुणीतरी रोज पहाटे राख उपसायची, कोळसा आत आणायचा, ते या खोक्याने थांबवलं होतं. त्याच्याबद्दल मी जे वाईट बोलले होते ते मला मनातून मागे घ्यावंसं वाटलं.

नळीच्या तोंडावर पितळी टोपी बसवून त्यांनी ती पान्याने आवळली. मग मीटरला इंग्रजी यू आकाराची पाण्याची नळी जोडली. दोन्ही बाजूंच्या पाण्याची पातळी थांबल्यावर घड्याळ लावलं. पूर्ण दोन मिनिटं आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत होतो. ते जरासुद्धा हललं नाही, म्हणजे गळती नव्हती. मग त्यांनी सांध्यांना साबणाचं पाणीही लावून पाहिलं. फायर जागेवर ठेवला, नळी तोडल्याची चिठ्ठी त्याला चिकटवली, आणि जाताना म्हणाले, धुराडं पूर्ण बुजवू नका, थोडी हवा खेळती ठेवा, नाहीतर आत ओल धरेल. शिवाय टोपी दरवर्षीच्या तपासणीत दिसली पाहिजे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाची आहे. आपल्या सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. इथला पाइपचा गॅस बहुतांशी मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर जातो. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका, मीटरपाशी गॅस बंद करा आणि ०८०० १११ ९९९ला फोन करा. हा नंबर मी तेव्हाच फ्रिजवर लिहून ठेवला.

आता सुतारकाम.

फायर भिंतीपासून २५ सेंटीमीटर पुढे आलेला, म्हणून सपाट फळी चालणार नव्हती. पुढून, दोन्ही बाजूंनी आणि वरून असा तीस-बत्तीस सेंटीमीटर खोलीचा खोका हवा होता. उंची बरोबर वरच्या दगडी फळीइतकी, म्हणजे दोन्ही मिळून एक रुंद मांडणी होईल. बाबांनी व्हिडिओवर बघून सांगितलं, "भिंत सरळ हाय असं धरून चालू नगंस. तीन ठिकाणी माप घे, खाली, मधी आन्‌ वर." घेतलं. डावीकडे वरच्या आणि खालच्या मापात ११ मिलिमीटरचा फरक! शंभर वर्षांची भिंत, ती थोडी कललेली असणारच.

बाजू आणि माथा १२ मिलिमीटर प्लायवूडचा, दुकानातच कापून घेतला. पुढच्या बाजूला पाइनच्या ४४ मिलिमीटर रुंदीच्या २४ उभ्या पट्ट्या, मध्ये फटी ठेवून. फटी सुरुवातीपासूनच ठरवल्या होत्या, कारण हवा खेळती राहायला हवी होती. सगळ्या फटी सारख्या याव्यात म्हणून बाबांनी सांगितलेली युक्ती: प्लायचाच उरलेला तुकडा दोन पट्ट्यांच्या मध्ये उभा धरायचा, पट्टी त्याला टेकवून स्क्रू मारायचा, तुकडा काढून पुढे न्यायचा. चोवीस पट्ट्या, तेवीस वेळा तोच तुकडा. दोन रविवार गेले. पॉलिश पेपर आधी जाड, मग बारीक. खालच्या टोकांची धार मी हातानेच मोडली, कारण लेकीचे हात नेमके तिथेच लागणार होते. आणि त्या ११ मिलिमीटरसाठी डावी बाजू भिंतीला लावून, पेन्सिल भिंतीलगत सरकवत रेघ मारली आणि रंध्याने उतरवली. रंधा मारताना निघालेल्या सालींचा वास घरभर झाला. बाबा पलीकडून बघत होते, काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "गुण्या लाव." लावला. काटकोन बरोबर आला.

भिंतीला एकही स्क्रू नाही, पण खोका मुलाने ओढला तर पडताही कामा नये. म्हणून आत तळाच्या आडव्या पट्टीवर दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन विटा ठेवल्या. पायांना फेल्ट लावलं म्हणजे खालच्या फरशीला चरे पडणार नाहीत. पुढची पट्ट्यांची चौकट वेगळी उचलता येते. ती धरून ठेवायला वर, लेकीच्या हाताला लागणार नाहीत अशा, दोन लाकडी फिरक्या. सगळ्याला मिळून ७४ पाउंड खर्च आला. रंग मालकाच्या भिंतीचाच, पांढरट. अलार्म बाहेर, मोकळा ठेवला आहे. गॅस तोडला तरी तो काढला नाही, स्वयंपाकघरात बॉयलर आहेच.

आत फायर आहे तसाच उभा आहे. जोराचा वारा असला की धुराड्यातून घूं घूं आवाज येतो आणि पट्ट्यांमधून पायाला थोडा गार वारा लागतो. तेवढं आम्ही चालवून घेतलं. आई म्हणाली, पूर्वी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचे, सकाळी फुंकून पुन्हा पेटवायला, तसाच हा. मालकाची पुन्हा जोडण्याची अट मला तेव्हापासून टोचेनाशी झाली.

२०२४ला ७ सप्टेंबरला गणपती आले. शाडूची नऊ इंची मूर्ती त्या मांडणीवर बसवली आणि मागे तीच इरकल साडी लावली, या वेळी योग्य जागी. समई मात्र त्या लाकडाजवळ ठेवली नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टीलच्या परातीत ठेवली आणि आरती झाली की निरांजनही तिथेच नेऊन ठेवायचं, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. लेक पट्ट्यांवरून बोटं फिरवत टर्रर्र असा आवाज काढत सगळी आरती उभी होती.

नोव्हेंबरात वार्षिक तपासणी झाली. इंजिनीअर वेगळे होते, तरुण. मी दोन्ही फिरक्या वळवून चौकट उचलून बाजूला ठेवली. त्यांनी वाकून टॉर्च मारली, टोपी पाहिली, चिठ्ठी वाचली, पुन्हा पाण्याची नळी लावून दोन मिनिटं थांबले. नव्या कागदावर बॉयलर आणि शेगडी अशा दोनच नोंदी आल्या. खाली शेऱ्यात त्यांनी लिहिलं: दिवाणखान्यातला फायर तोडलेला, नळी बंद. सही करून त्यांनी स्वतःच चौकट उचलली, बसवली, आणि डावी फिरकी फिरवली. उजवी मी फिरवली.